आक्का, तुमच्यासाठी काय मागू?

रविवारी उपासना सुटली की चर्चच्या दारात सगळे एकमेकांना 'जय ख्रिस्त' करत उभे असतात ना, तिथं एक वाक्य हमखास कानावर येतं, "प्रार्थनेत आठवण ठेवा हं." समोरचा म्हणतो, "होय की, ठेवतो." कशाची आठवण ते विचारत कुणीच नाही आणि सांगत पण कुणी नाही. बरेच दिवस मला यावर लिहायचं होतं, कारण एकमेकांसाठी केलेल्या प्रार्थनेवर माझा पक्का विश्वास आहे, तिनं माणसं उभी राहिलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितलीत, आणि म्हणूनच मला वाटतं की आपण ती अर्धीच करतोय. दुसऱ्यासाठी गुडघे टेकायला आपण सगळे तयार असतो, पण "माझ्यासाठी जरा प्रार्थना करा, माझं असं असं झालंय" हे म्हणायची वेळ आली की घशात आवंढा येतो. बोलतच नाही. महिनोनमहिने एकटेच ओढत बसतो.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं सोळावं वचन आपल्या सगळ्यांना माहीत आहे, नीतिमानाच्या प्रार्थनेत लई बळ असतं ते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पण असतं. पण त्याच वचनाचा पहिला भाग आपण पटकन ओलांडून जातो. तिथं आधी सांगितलंय की एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा, आणि मग एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे बरे व्हाल. म्हणजे आधी तोंड उघडायचंय. आणि 'एकमेकांसाठी' म्हटल्यावर ते दोन्हीकडून आलं, मी तुझ्यासाठी आणि तू माझ्यासाठी. कायम देणारा एक आणि कायम घेणारा एक, असं याकोब म्हणत नाही.

आमच्याकडं दर बुधवारी संध्याकाळी कॉटेज प्रार्थना असते. एकेका घरी आळीपाळीनं. आम्ही राहतो बेळगावच्या वडगावात, इथं गल्लीगल्लीत माग आहेत, साड्या विणतात, त्यामुळं प्रार्थनेला बसलं की शेजारच्या घरातनं पावरलूमची खडखड चालूच असते, आणि करंट गेला की एकदम सगळं शांत होतं आणि प्रार्थना करणाऱ्याचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत जातो. गाणं कधी मराठी कधी कन्नड, दोन्ही पुस्तकं असतात, वचन मराठीत वाचलं तर समजावून सांगणारा कन्नडमध्ये सांगतो, आणि खानापूरकडची एक मावशी आहे ती घाईला आली की कोकणीतच प्रार्थना करते. बाहेरच्या लोकांना वाटतं बेळगावात भाषेवरनं नुसती भांडणंच चालतात. त्यांनी एकदा बुधवारी येऊन बसावं. देवाला हाक मारताना कोण कुठली भाषा बोललं हे घरी गेल्यावर आठवत पण नाही. शेवटी चहा आणि चुरमुरे, आणि त्याच्या आधी पास्टर एकेकाला विचारतात, "तुमच्यासाठी काय मागू?"

या प्रश्नावर लोक काय सांगतात ते ऐकण्यासारखं असतं. मुलाची दहावीची परीक्षा, जावयाची नोकरी, पाहुण्यांचं गोकाकला ऑपरेशन आहे, गावाकडं पाऊस नाही, गावाकडं पाऊस जास्त झाला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला होता तेव्हा चिकोडी, निपाणी, गोकाक सगळीकडच्या पाहुण्यांची नावं यायची, घरात पाणी शिरलंय, जनावरं कुठं बांधायची ते कळंना झालंय असं. सगळं खरं आणि सगळं गरजेचं. पण बहुतेक वेळा ते दुसऱ्याचंच असतं. स्वतःचं काही विचारलं की एकच उत्तर, "माझं काय, देवाच्या कृपेनं सगळं बरं आहे."

आता आक्काबद्दल सांगते. तिला विचारूनच लिहितेय, फक्त नाव घालू नको म्हणाली. सगळी गल्ली तिला आक्काच म्हणते. सकाळी पाचला उठून ती जोंधळ्याच्या भाकऱ्या करते, घरात खाणारी तोंडं बरीच, त्यामुळं चळत मोठी असते. आणि तिची प्रार्थना तिथंच होते. एक भाकरी, एक घर. पीठ मळून गोळा हातात घेतला की एका घराचं नाव घ्यायचं, थापत थापत त्या घरातल्या माणसांची नावं, कुणाला काय झालंय ते देवाला सांगायचं, भाकरी तव्यावर पडली, पाणी फिरवलं, उलटली, फुगली की आमेन, आणि दुसरा गोळा दुसऱ्या घराचा. मी एकदा पहाटे काहीतरी मागायला गेले होते तेव्हा दारात उभी राहून ऐकलंय. माझ्या घराचा नंबर लागला होता. माझ्या मुलाचं नाव, त्याच्या खोकल्याचं, माझ्या नवऱ्याच्या बदलीचं, सगळं ती मोठ्यानं बोलत होती, पिठाचे हात आणि डोळे मिटलेले नाहीत कारण तवा तापलेला. मी तशीच परत फिरले. आपलं नाव कुणीतरी देवापुढं घेताना आपल्या कानांनी ऐकणं, आणि ते पण ज्याला माहीत नाही की आपण ऐकतोय, त्याच्यानं आत काय होतं ते सांगता येणार नाही मला. त्या दिवशी मी काम करत होते पण पाय जमिनीवर नव्हते एवढं सांगते.

तर ही आक्का. सगळ्या गल्लीचं ओझं वाहणारी. तिच्या स्वतःच्या अंगात गाठ होती आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सुनेला पण नाही. दर बुधवारी पास्टर विचारायचे "आक्का, तुमच्यासाठी काय मागू?" आणि दर बुधवारी "माझं काय हो, देवानं बक्कळ दिलंय, त्या कोपऱ्यावरच्या पोरीसाठी मागा, तिला दिवस गेल्यात." शेवटी कपडे धुताना सुनेच्या लक्षात आलं, मग दवाखाना, तपासण्या, बायोप्सी, आणि तरीसुद्धा आक्का म्हणते मंडळीत सांगू नका. मी तिच्याजवळ जाऊन बसले तेव्हा काय म्हणाली माहीत आहे? "लोकांस्नी कशाला तरास? आणि मीच आजारी पडले म्हटल्यावर पोरं म्हणतील, हिच्या प्रार्थनेत काय दम न्हाई."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. कारण हे एकट्या आक्काचं नाही. आपल्यात ज्यांना सगळे प्रार्थनेची माणसं समजतात त्या सगळ्यांचं आहे. पाळकसाहेब, त्यांच्या घरच्या बाई, संडे स्कूलचे टीचर, महिला संघाच्या अध्यक्षा, यांना कोण विचारतंय? आणि विचारलं तरी ते सांगतील का? आपणच त्यांना अशा जागी नेऊन ठेवलंय की तिथनं त्यांना खाली उतरून रडता येत नाही.

आणि बायबल उघडून बघितलं तर चित्र एकदम उलटं आहे. पौल, ज्यानं अर्ध्या रोमी साम्राज्यात मंडळ्या उभ्या केल्या, तो आपल्या बऱ्याच पत्रांत लिहितो की माझ्यासाठी प्रार्थना करा. थेस्सलनीकाच्या लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी तर एकच ओळ आहे, बंधूंनो, आमच्यासाठी प्रार्थना करा, बस. आणि ही मंडळी कोण? काल-परवा विश्वासात आलेले लोक. रोमकरांच्या पत्रात पंधराव्या अध्यायात तर तो म्हणतो की प्रार्थनेत माझ्याबरोबर झटा, यरुशलेमला जायला मला धोका आहे. इफिसकरांना सांगतो की मला धैर्यानं बोलता यावं म्हणून मागा. म्हणजे धैर्य कमी पडतंय हे त्यानं लिहून पाठवलंय, अख्ख्या मंडळीपुढं वाचून दाखवतील अशा पत्रात!

मोशेचं बघा. निर्गमच्या सतराव्या अध्यायात रफीदीमला अमालेक्यांशी लढाई चालली होती, मोशेचे हात वर असले की इस्राएल वरचढ, खाली आले की अमालेकी. आणि हात दुखायला लागले. मोशेचे पण हात दुखतात. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. त्यानं काही त्यांना "सोडा, मला जमतंय" म्हटलं नाही.

आणि प्रभू येशू स्वतः. गेथशेमाने बागेत त्यानं पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतलं आणि सांगितलं की माझा जीव फार कष्टी झालाय, इथं राहा आणि माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्रानं तीन कोळ्यांना बरोबर जागायला सांगितलं. ते झोपले, ती गोष्ट वेगळी. पण त्यानं मागितलं. मी आक्काला हेच सांगितलं, आक्का, येशूनं मागितलं, आपण कोण मोठे लागून गेलोय? ती काही बोलली नाही, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली चहा ठेवू काय.

पुढच्या बुधवारी ती स्वतः बोलली. प्रार्थना त्यांच्याच घरी होती. पास्टरांनी विचारलं, आणि तिनं एका दमात सांगून टाकलं, गाठ आहे, कॅन्सरची आहे, ऑपरेशन सांगितलंय, मला भीती वाटालीया. शेवटचं वाक्य तिनं दोनदा म्हटलं. मला भीती वाटालीया. खोलीत कुणाला काय बोलावं ते सुचेना, पास्टर पण गप्प. आणि पहिल्यांदा आवाज कुणाचा आला तर शेजारच्या मागावर काम करणारा एक माणूस येतो, बैलहोंगलकडचा, कायम दाराजवळ बसतो, आजपर्यंत कधी मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही त्यानं. तो उठून उभा राहिला, डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला आणि म्हणाला, "देवरे, अक्कारिगे आराम माडप्पा." एवढंच. आक्काला आराम पडू दे रे बाबा, संपलं. परत खाली बसला. आणि मग जी माणसं रडायला आणि मागायला लागली, एकाच वेळी, मराठी कन्नड कोकणी सगळं एकत्र, मी माझ्या आयुष्यात तशी प्रार्थना ऐकली नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही साखळी प्रार्थना ठेवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यात तास वाटून घ्यायचे, प्रत्येकानं आपापल्या घरी आपल्या तासात प्रार्थनेला बसायचं, म्हणजे एक पण तास रिकामा जात नाही. ही काही आजची पद्धत नाही. जर्मनीत सॅक्सनी प्रांतात हेर्नहुट नावाचं गाव आहे, तिथल्या मोरेव्हियन मंडळीनं 1727 च्या ऑगस्टमध्ये असं सुरू केलं होतं, चोवीस भाऊ आणि चोवीस बहिणी, तास वाटून घेऊन रात्रंदिवस. ते शंभर वर्षांच्या वर चाललं. त्याच्या आधी या मंडळीत आपापसात भांडणं होती, पंथावरनं, पद्धतीवरनं, आणि त्यांचा समेट झाल्यावर ही साखळी सुरू झाली हे मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या साखळीत पहाटे तीन ते चारचा तास कुणी घ्यावा यावर प्रश्न पडला तेव्हा तो त्या बैलहोंगलच्या भावानंच मागून घेतला, रात्रपाळी असतेच की मला म्हणाला, माग चालवत चालवत करतो.

आक्काचं ऑपरेशन झालं, पुढची ट्रीटमेंट पण झाली, केस गेले, परत आले. आता परत पाचला उठते. भाकऱ्या कमी करते, सून हाताखाली आलीय.

पण मी इथंच थांबले तर ते प्रामाणिक होणार नाही. कारण 2021 च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्याच मंडळीतला एक तरुण गेला. मोबाईल रिपेरीचं दुकान होतं त्याचं, गिटार वाजवायचा, नाताळात कॅरलला सगळ्यात पुढं तोच. त्याच्यासाठी आम्ही काय कमी प्रार्थना केली? उपवास केले, साखळी ठेवली, ऑक्सिजनसाठी फोनवर फोन केले. आक्कासाठी केली तेवढीच, उलट जास्तच. तो गेला. त्याची बायको आम्हाला म्हणाली, तुम्ही सगळ्यांनी मागितलं ना, मग? माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं आणि आज पण तिला समाधान होईल असं उत्तर माझ्याकडं नाही. पौलाच्या शरीरात काटा होता, तो काढ म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, काटा काही निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर मिळालं, हे करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. हे वचन मी तिला त्या वेळी ऐकवलं नाही. ते ज्याचं त्यानं दुःखातनं जाऊन वाचायचं असतं, दुसऱ्यानं तोंडावर मारायचं नसतं असं माझं मत आहे. आम्ही फक्त जात राहिलो. महिला संघातल्या कुणी ना कुणी तिच्याकडं जाऊन बसायच्या, पोरांचं शाळेचं बघायच्या, ती प्रार्थनेला नको म्हणाली तर नको, तिच्या दारात उभं राहून नुसतं नाव घेऊन परत यायचं.

शास्त्रज्ञांनी पण यावर अभ्यास केलाय. अमेरिकेत 2006 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, हृदयाची बायपास झालेले 1802 पेशंट, काहींसाठी प्रार्थना केली काहींसाठी नाही, आणि निकाल असा आला की फरक पडला नाही, उलट ज्यांना पक्कं माहीत होतं की आपल्यासाठी प्रार्थना होतेय त्यांना त्रास थोडा जास्तच झाला. माझ्या भाच्यानं मला हे पाठवलं होतं, इंजिनियर आहे तो, बेंगळुरूला असतो, त्याला वाटलं मावशी आता काय बोलणार. मी सगळं वाचलं. त्यात प्रार्थना करणाऱ्यांना पेशंटचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर दिलं होतं. ना ओळख, ना देख, ना त्याच्या घरी कुणी डबा घेऊन गेलेलं, ना त्यानं कुणाला "मला भीती वाटते" म्हणून सांगितलेलं. मी त्याला लिहिलं की बाळा, अभ्यास त्यांनी नीट केला असेल, त्यांच्या आकड्यांशी माझं भांडण नाही. पण देवाला औषधासारखं किती मिलिग्रॅम दिलं तर किती उतार पडतो असं मोजायला गेलं तर हाताला काय लागणार? आम्ही बुधवारी करतो ते वेगळं आहे. आम्ही आमच्या बापाकडं आमच्या भावंडांची नावं घेऊन जातो. तो देईल, थांबवेल, नाही म्हणेल, तो बाप आहे. पण जायचं एकत्र.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमची गोष्ट आहे, चार जणांनी एका पक्षाघात झालेल्या माणसाला उचलून आणलं, गर्दीमुळं आत जाता येईना म्हणून छप्पर उस्कटलं आणि बाजेसकट खाली सोडलं. तिथं लिहिलंय की येशूनं त्यांचा विश्वास बघितला. त्यांचा! बाजेवरच्या माणसानं तोंडातनं एक शब्द काढलेला नाही त्या गोष्टीत. मला नेहमी त्याचं कौतुक वाटतं की त्यानं स्वतःला उचलू दिलं. चार लोकांच्या खांद्यावर, अख्ख्या गावापुढं, दुसऱ्याचं छप्पर मोडून. आपण असतो तर म्हटलं असतं, नको रे, लोक काय म्हणतील, उद्या गर्दी कमी झाल्यावर बघू.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला पाहिजे, नाहीतर लोक का सांगत नाहीत याचं खरं कारण लपून राहील. आपल्यात प्रार्थनेच्या नावाखाली चहाड्या होतात. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगालीया हं, कुणाला बोलू नको" असं म्हणून एखाद्याच्या पोरीचं, एखाद्याच्या दारूचं, एखाद्याच्या कर्जाचं गल्लीभर होतं. हे पाप आहे, साधंसुधं नाही. एकदा ज्याचं असं झालं तो माणूस परत कधी कुणापुढं तोंड उघडणार नाही, आणि त्याचा तो एकटेपणा आपल्या माथ्यावर येतो. कुणी आपल्याला काही सांगितलं तर त्यालाच विचारायचं की हे मंडळीत सांगू काय, का आपल्या दोघांतच ठेवू? आक्का हे कटाक्षानं पाळते. भाकरी थापताना ती जे बोलते ते तव्याच्या पलीकडं जात नाही.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप. विनंती आली की धडाधड हात जोडलेले इमोजी पडतात, आमेन आमेन आमेन. मला त्याचा राग नाही, लांब पुण्यात-मुंबईत गेलेली आपली पोरं त्यामुळं जोडलेली राहतात. पण आमच्या ग्रुपमध्ये आता एक ठरवलंय की इमोजी टाकायच्या आधी जिथं आहे तिथं थांबून, बसस्टॉपवर असो नाहीतर ऑफिसात, नाव घेऊन देवाशी बोलायचं, मग बोट लावायचं. आणि जमलं तर दोन ओळींची प्रार्थना आवाजात रेकॉर्ड करून पाठवायची. आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर रात्र काढणाऱ्या माणसाला कानाला फोन लावून ते ऐकता येतं. माझ्या सासूबाईंच्या वेळी मी तशीच एक ऐकत बसले होते, परत परत तीच.

जगातल्या बायका हे दर वर्षी करतात, मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो, आमच्याकडं पण असतो. दर वर्षी एका देशातल्या ख्रिस्ती बायका आपल्या सुखदुःखाचं लिहून पाठवतात आणि बाकी सगळ्या जगातल्या बायका त्या दिवशी त्यांच्यासाठी मागतात. 2024 ला पॅलेस्टाईनच्या बायकांचं होतं, 2025 ला कुक बेटांचं. कुक बेटं कुठं आहेत ते आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं, एकीच्या नातीनं शाळेचा ॲटलास आणून दाखवलं, केवढाला समुद्र आणि त्यात ठिपके. वडगावच्या बायकांनी त्या ठिपक्यांसाठी गुडघे टेकले. त्यांनी आपली गरज सांगितली म्हणूनच ना?

आपण आज मराठीत शुभवर्तमान वाचतो, त्यामागं पण अशीच एक बाई आहे. विल्यम कॅरी, मूळचा चांभारकाम करणारा, 1793 ला बंगालमध्ये आला, तिथल्याच श्रीरामपूरला (सेरामपोर) छापखाना घातला, 1805 ला मराठीचं व्याकरण छापलं, नंतर मराठीत शास्त्र छापलं. त्याची बहीण, घरात पॉली म्हणायचे, ती इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होती, लुळी पडलेली, आणि तिथनं ती भावासाठी प्रार्थना करायची. तो तिला पत्रं लिहायचा, काय अडचण, काय चाललंय, सगळं कळवायचा. म्हणून तिला मागता आलं. आमच्या बेळगावात मिशनचं काम 1820 ला लंडन मिशनरी सोसायटीनं सुरू केलं, 1904 पासनं मेथॉडिस्टांनी बघितलं, म्हणजे दोनशे वर्षं झाली की इथं कोण ना कोण कुणासाठी तरी गुडघ्यावर आहे. त्यातल्या बहुतेकांची नावं कुठल्याच रजिस्टरात नाहीत.

बायबलातल्या ईयोबाचं सांगून संपवते, ज्याची पोरं, धन, तब्येत सगळं गेलं होतं, कारण तिथं माझं स्वतःचं अडतंय. ईयोबाच्या मित्रांनी त्याला नको नको ते बोललं होतं, तुझ्याच पापानं तुझ्यावर हे आलं असं तोंडावर सांगितलं होतं. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांना म्हणतो, ईयोबाकडं जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करेल. आणि ईयोबानं आपल्या मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा देवानं त्याची दुर्दशा पालटली. अंगावर अजून फोड असतील त्याच्या, पोरं गेलेली, आणि ज्यांनी जखमेवर मीठ चोळलं त्यांच्यासाठी मागायचं.

आक्काच्या घरात बसून दुसऱ्यांना मोठं सांगितलं मी, येशूनं पण मागितलं म्हणून. तर आता मी माझी विनंती सांगते. माझा एक सख्खा भाऊ आहे, निपाणीला असतो. वडील गेल्यावर शेताच्या वाटणीवरनं शब्दानं शब्द वाढला आणि तेव्हापासनं बोलणं बंद आहे, येणं-जाणं बंद, पोरांना एकमेकांची तोंडं माहीत नाहीत. मला त्याच्यासाठी प्रार्थना करायला बसलं की त्याचे शब्दच आठवतात आणि पुढं सरकत नाही, एकटीनं होत नाही माझ्यानं. तुम्ही कराल काय? त्याची तब्येत बरी राहू दे, त्याच्या तंबाखूला यंदा चांगला दर मिळू दे, आणि त्याच्या दारात जायचं बळ मला मिळू दे. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. 'निपाणीचा भाऊ' एवढं म्हटलं तरी देवाला कळतंय. आणि तुमचं काही असेल तर मला कळवा, मी बुधवारी सांगते, नाहीतर सांगू नको म्हटलात तर आक्काला पण सांगणार नाही, माझ्याजवळच ठेवते.